कागद कोणाच्या नावावर? सुमात्रातल्या पाम वसाहतींबद्दल तुमचे प्रश्न

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, रियाऊ प्रांतात, पामतेलाच्या मिलमध्ये मी अकरा वर्षं काढली. राहायला कंपनीचं घर होतं, पण सुट्टीचा दिवस जायचा शेजारच्या जावानी शेतकऱ्यांच्या वसाहतीत. त्या दिवसांबद्दल मागे थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून जमिनीवरच येतो. त्यातल्या पाच जणांना इथे उत्तरं देतो.

सांगलीहून एक आई लिहितात: मुलगा रियाऊत मिलमध्ये इंजिनीअर आहे. तिथला सहकारी म्हणतो, दोन हेक्टर तयार बाग स्वस्तात मिळतेय. कागद माझ्या नावावर करू, पैसे तू घाल. घ्यावी का?

नको, ताई. कितीही स्वस्त असली तरी नको.

इंडोनेशियाचा 1960 चा जमीन कायदा याबाबतीत अगदी स्वच्छ आहे. पूर्ण मालकीचा हक्क, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळतो. सरळ किंवा आडमार्गाने तो परदेशी माणसाकडे गेला, तर व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे कलमातच लिहिलेलं आहे. सहकारी उद्या उलटला तर तुमचा मुलगा कोर्टात उभा राहून काय सांगणार? कायदा मोडायला मीच पैसे दिले, असं? माझ्या एका मित्राची सहा वर्षांची बचत अशीच गेली. ज्याच्या नावावर कागद होता तो माणूस वाईट नव्हता. तो अपघातात गेला आणि त्याच्या भावांना या व्यवहाराची कल्पनाच नव्हती.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगा. तिथे ‘कागद’ म्हणून जो दाखवतात तो पुष्कळदा गावच्या प्रमुखाचा दाखला असतो, ‘एस-का-ते’. अमुक माणूस ही जमीन कसतो, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र वेगळं. दाखल्यावरच्या बागा स्वस्त का असतात ते यावरून कळेल.

कोल्हापूरहून कृषी पदवीचा एक विद्यार्थी विचारतो: ‘इंती-प्लास्मा’ म्हणजे नेमकं काय? आपल्या साखर कारखान्यासारखंच का?

कोल्हापूरच्या मुलाला हे लवकर कळेल. ‘इंती’ म्हणजे गाभा: कंपनीची स्वतःची बाग आणि मिल. तिच्याभोवती शेतकऱ्यांच्या छोट्या बागा, त्या ‘प्लास्मा’. कंपनीकडची जमीन तिच्या मालकीची नसते, सरकारकडून मुदतीने घेतलेली असते. तो हक्क पहिल्यांदा जास्तीत जास्त 35 वर्षांसाठी मिळतो. प्लास्माची जमीन मात्र शेतकऱ्याची.

लोक तिथे आले कसे, ते आधी समजून घे. जावा बेटावर माणसं फार आणि जमीन थोडी. डच सरकारने 1905 साली मध्य जावातली 155 कुटुंबं दक्षिण सुमात्रातल्या लांपुंगमध्ये नेऊन वसवली, तिथून ही गोष्ट सुरू होते. स्वातंत्र्यानंतर तेच ‘ट्रान्समिग्रासी’ या नावाने चालू राहिलं आणि 1986 पासून त्याला पामच्या बागा जोडल्या गेल्या. ठराव असा: प्रत्येक कुटुंबाला लाकडी फळ्यांचं छोटं घर, घराभोवती अर्धा हेक्टर आणि दोन हेक्टर पाम. जंगल तोडून वसवलेल्या या वस्त्यांना नावंही धड नव्हती, नुसते नंबर. आज सरकारदरबारी छान जावानी नावं आहेत, पण रिक्षावाल्याला अजून ‘एस-पे तिगा’, म्हणजे वसाहत क्रमांक तीन, असंच सांगावं लागतं.

बाग फुकट नव्हती. लागवडीचा खर्च कर्ज म्हणून शेतकऱ्याच्या डोक्यावर, आणि जमिनीचं प्रमाणपत्र बँकेच्या तिजोरीत. फळ विकलं की साधारण 30 टक्के कापून घ्यायचे. कर्ज फिटलं त्या दिवशी प्रमाणपत्र हातात. त्या दिवशी घरोघरी जेवणावळी होतात. मी एका घरी गेलो तेव्हा म्हातारबाबांनी प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. ते बाहेर काढताना त्यांनी हात पुसले.

उसाशी खरं साम्य आहे ते घाईत. घड कापल्यापासून 24 तासांच्या आत मिलमध्ये पोचला तर तेल चांगलं. उशीर झाला की आम्ल वाढतं. आपला तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काय होतं, ते तू पाहिलंच असशील. तसंच साखर उताऱ्यासारखा तेलाचा उतारा धरतात, शंभर किलो घडांमागे वीसेक किलो. फरक हा की उसाला हंगाम असतो, पामला नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी कापणी, बाराही महिने. त्यामुळे बायको-मुलांसह सगळं घर बागेला जुंपलेलं. आणि कारखान्याचा सभासद असतो तसा प्लास्माचा शेतकरी मिलचा मालक नसतो. त्याची सहकारी संस्था असते, पण ती घड गोळा करते आणि पैसे वाटते. दर प्रांतिक सरकारची समिती झाडाच्या वयानुसार ठरवते. तो कंपनीशी करार असलेल्यांनाच मिळतो. करार नसलेला शेतकरी ‘तोके’, म्हणजे मधला व्यापारी, देईल तो भाव घेतो. 2022 साली 28 एप्रिलपासून 23 मेपर्यंत सरकारने पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा या करार नसलेल्यांचे घड झाडावर सडले. कापणीची मजुरीही निघत नव्हती.

नाशिकचे एक निवृत्त कृषी अधिकारी विचारतात: पंचवीस वर्षांनी झाडं म्हातारी होतात, मग पुढे काय?

झाड इतकं उंच होतं की लांब दांड्याच्या विळ्यानेही, ‘एग्रेक’ने, घड नीट पडत नाही. मग बाग काढून नवी लावायची. सरकारने 2017 पासून यासाठी अनुदान सुरू केलं: आधी हेक्टरी अडीच कोटी रुपिया, 2020 ला तीन कोटी, 2024 पासून सहा कोटी. आकडे पाहून दचकू नका, रुपिया फार लहान आहे. अडचण पैशांची नाहीच. अर्ज घेऊन गेलं की नकाशा पाहतात आणि कित्येकांची बाग वनक्षेत्रात निघते. ज्या सरकारने वस्ती वसवली त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याच्या नकाशावर तिथे जंगल! हातात प्रमाणपत्र असूनही माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. हा अन्यायच आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही. नवी झाडं फळायला तीनेक वर्षं लागतात, तोवर घर कशावर चालवायचं हा प्रश्न वेगळाच.

पुण्याहून एक बाबा: मुलीने सुमात्रातल्याच जांबी प्रांतातल्या जावानी मुलाशी लग्न केलं. ती भारतीय नागरिकच आहे. सासऱ्यांची चार हेक्टर पाम आहे. उद्या काही झालं तर तिचं काय?

बाबा, हे तुम्ही आत्ता विचारलंत ते फार बरं केलंत. सासऱ्यांची जमीन त्यांची. जावयाला वारशाने आली तर ती त्याची एकट्याची. लग्नानंतर दोघांच्या संसारात जे घेतलं जाईल ते मात्र 1974 च्या विवाह कायद्याने दोघांचं, नाव कोणाचंही असो.

ऐकायला हे चांगलं वाटतं, पण गाठ इथेच बसते. तुमची मुलगी परदेशी. संसारातली जमीन दोघांची, म्हणून तिचाही वाटा त्यात आला आणि परदेशी माणसाला पूर्ण मालकी नाही. त्यामुळे जावयालाच स्वतःच्या देशात जमीन नावावर करताना कार्यालय अडवतं. उपाय आहे: मालमत्ता वेगळी ठेवण्याचा विवाह करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. 2016 साली तिथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही करायला मोकळीक दिली. नोटरीकडे करून लग्नाच्या नोंदीला जोडायचा. पण करार केला की जावयाच्या नावावरच्या जमिनीवर तिचा अर्धा वाटा राहत नाही. त्या बदल्यात तिच्या नावावर ठेव, सोनं, जे शक्य ते असू द्या. हे बोलायला अवघड जातं, तरी बोला.

जावयामागे पूर्ण मालकीची जमीन तिच्याकडे आलीच, तर एक वर्षाच्या आत तिला ती नागरिकाच्या नावे करावी लागेल. नातवंडं इंडोनेशियन नागरिक असतील तर त्यांच्या नावे राहू शकते. म्हणून बाळाची जन्मनोंद आणि कुटुंबपत्र, ‘कार्तू केलुआर्गा’, वेळच्या वेळी नीट करून घ्यायला सांगा.

परदेशी सुनेचंच काय, तिथल्या बायकांचंही हेच दुखणं आहे. वसाहतींमध्ये जमीन ‘कुटुंबप्रमुखा’च्या नावे दिली गेली आणि कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. आमच्या शेजारची एक बाई आयुष्यभर झाडाखाली वाकून सुटी फळं, ‘ब्रोंदोलान’, वेचून गोणी भरायची. सुट्या फळांत तेल जास्त, मिलमध्ये आम्ही त्यांची वाट पाहायचो. नवरा गेला आणि पुढच्या वाटपाला संस्थेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. दिराची सही आण म्हणाले. मुस्लीम कुटुंबात कायद्याने आधी संसारातल्या कमाईचा अर्धा भाग बायकोचा, मग उरलेल्या अर्ध्यातून मुलं असली तरी आठवा हिस्सा तिचा. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गावप्रमुखाकडून वारस दाखला मिळवून प्रमाणपत्रावर नाव चढवायला तिला दीड वर्ष लागलं. या काळात बाग तिनेच राखली.

ठाण्याहून एक मावशी: भाचीकडे दोन महिने राहायला जातेय. पाणी, बाजार, शेजार कसा?

पाणी पावसाचं, छपरावरून टाकीत घेतलेलं. पीट जमिनीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीत, विहिरीचं पाणी चहासारखं लाल असतं. आंघोळीला चालतं, प्यायला नको. पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावर फळांचे ट्रक रुततात, तेव्हा मोटारीचा हट्ट धरू नका. बाजार आठवड्याचा, आणि फळांचे पैसे वाटले त्या आठवड्यात तोबा गर्दी. शेजार फार चांगला. कुणाकडे लग्न असलं की बायका दोन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जमतात, त्याला ‘रेवांग’ म्हणतात. भाचीबरोबर तुम्हीही जा. नारळ खवायला बसलात की भाषा येत नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि ऑगस्ट-सप्टेंबर टाळा, पीट पेटलं की धुराने डोळे उघडत नाहीत.