पिठातील भुंगेऱ्याची जात पोटाच्या बाजूने ओळखावी

प्रश्न : घरातील रव्यात व कणकेत सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीचे तांबूस-तपकिरी भुंगेरे सापडले. कॅमेऱ्याला लेन्स उलटी जोडून मी त्यांची पाठीकडून तिप्पट आकाराची छायाचित्रे काढली. मात्र डोके स्पष्ट आले की पाठ धूसर होते आणि ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) एफ/१६ पर्यंत लहान केले तर सगळेच चित्र पुसट होते. सोबतच्या छायाचित्रांवरून भुंगेऱ्याची जात सांगता येईल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : हा भुंगेरा ट्रायबोलियम या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) आहे, एवढे या छायाचित्रांवरून सांगता येते. रव्यात आढळणाऱ्या दुसऱ्या एका चपट्या भुंगेऱ्याच्या वक्षाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे सहा-सहा दात असतात. तुमच्या भुंगेऱ्याला ते नाहीत. जात मात्र पाठीवरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण कॅस्टेनियम आणि कन्फ्यूजम या दोन जाती वरून जवळजवळ सारख्याच दिसतात. नागपूरसारख्या उष्ण ठिकाणी कॅस्टेनियम असण्याचा संभव अधिक असला, तरी संभव हा पुरावा नव्हे.

निर्णय डोक्यावर होतो. कॅस्टेनियमच्या शृंगिकेचे (डोक्यावरील मिशीचे) शेवटचे तीन खंड एकदम जाड होतात, तर कन्फ्यूजमची शृंगिका टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. त्याहून विश्वासाची खूण पोटाच्या बाजूने दिसते : दोन डोळ्यांमधले अंतर कॅस्टेनियममध्ये साधारण एका डोळ्याच्या रुंदीइतके आणि कन्फ्यूजममध्ये त्याच्या सुमारे तिप्पट असते. म्हणून भुंगेरा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मारावा, मऊ कुंचल्याने पीठ झाडावे, उताणा करून पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाच्या सूक्ष्म थेंबाने कार्डाच्या टोकावर चिकटवावा आणि डोके सेन्सरला समांतर राहील असे पाहावे. वाढीव मोठेपणापेक्षा हा कोन अधिक उपयोगी आहे.

आता पुसटपणाविषयी. तिप्पट मोठेपणाला एफ/१६ हे ॲपर्चर प्रत्यक्षात एफ/६४ सारखे वागते, आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील नाहीसा होतो. त्यामुळे ॲपर्चर एफ/५.६ वरच ठेवावे. तेथे स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणून कॅमेरा बारीक स्क्रूच्या सरकपट्टीवर बसवून दर ०.०५ मिलिमीटरला एक छायाचित्र घ्यावे आणि ती सर्व फोकस स्टॅकिंगच्या, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एकच चित्र करणाऱ्या, सॉफ्टवेअरने जोडावीत. भुंगेऱ्याची जाडी साधारण एक मिलिमीटर धरली, तर वीस-पंचवीस छायाचित्रांत काम होते. त्या वेळी पंखा आणि विशेषतः उन्हाळ्यातला कूलर बंद असावा, कारण त्यांची थरथर या मोठेपणाला पूर्ण चित्र बिघडवते. भुंगेऱ्याचे अंग चकचकीत असल्याने उघड्या फ्लॅशचे पांढरे डाग पडतात आणि नेमक्या खुणा झाकल्या जातात. भुंगेऱ्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी करून प्रकाश बाहेरून द्यावा.

माप कळावे म्हणून त्याच मांडणीत मिलिमीटरपट्टीचेही एक छायाचित्र घ्यावे. मूळ भुंगेरा फेकू नये. सापडल्याची तारीख, ठिकाण आणि धान्यपदार्थ लिहिलेल्या चिठ्ठीसह तो जपावा. डोक्याचे खालून घेतलेले छायाचित्र पाठवल्यास जात निश्चित सांगता येईल.