शिवणकामात पगार अधिक पीस बरं, की नुसतं पीसवर? गणिताने कसं ठरवायचं?

ताई, तुम्ही सोलापुरातल्या दोन युनिफॉर्म कारखान्यांबद्दल विचारलंय. पहिला महिन्याला 6000 रुपये बांधून देतो, वर शर्टामागे 4 रुपये. दुसरा नुसते शर्टामागे 9 रुपये. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि आईच्या विड्यांच्या मजुरीवर वाढलोय, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला.

महिन्याचे शर्ट क्ष धरा. पहिलं काम परवडायचं तर 6000 + 4क्ष > 9क्ष हवं. दोन्हीकडून 4क्ष वजा केले की 6000 > 5क्ष, म्हणजे क्ष < 1200. (9क्ष इकडे आणलात तर शेवटी ऋण संख्येने भागावं लागतं आणि चिन्ह उलटतं. मुलं हमखास तिथेच चुकतात.) 1200 च्या आत पहिलं काम, वर दुसरं.

तुम्ही दिवसाला 50 शर्ट म्हणताय. 26 दिवसांचे 1300, म्हणजे दुसरीकडे 500 रुपये जास्त. एवढ्यावर हो म्हणू नका! जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की युनिफॉर्मचं काम ओसरतं. रोज 25 च शर्ट हाताला आले तर महिन्याचे 650. पहिलीकडे 8600 मिळतील, दुसरीकडे 5850. फरक 2750 चा. एका मंदीच्या महिन्यात तेजीच्या साडेपाच महिन्यांची जादा कमाई गेली.

वर्षातले तेजीचे महिने म धरा. दुसरं काम परवडायला 500म > 2750(12 − म) हवं, म्हणजे म > 10.15. अकरा महिने तेजी! शाळेच्या कपड्यांना एवढा सीझन नसतो. मी पहिलंच काम धरेन.

मात्र ते लांब असेल आणि रोज 30 रुपये रिक्षाला जात असतील, तर महिन्याचे 780 वजा करून मांडा. 1200 ची सीमा 1044 वर येते आणि तेजीचे आठ महिनेही दुसऱ्याला पुरतात.

आणि क्ष मोजताना फक्त पास झालेले शर्ट मोजा. आई संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायची, तपासणारा त्यातल्या मूठभर बाजूला सारायचा आणि मजुरी उरलेल्यांचीच मिळायची. घरी येऊन ती वहीत तोच कमी आकडा लिहायची.