दगडी खड्डा पाहायला जावं का?

प्रश्न: जूनमध्ये लेकीकडे क्लीव्हलंडला जाणार आहोत. जवळच जुन्या कालव्याकाठची ‘टोपाथ ट्रेल’ आणि त्यावरचं एक ‘लॉक’ बघा, असं ती म्हणते. यांचे गुडघे दुखतात. नुसत्या दगडी खड्ड्यासाठी एवढी पायपीट करावी का? – एक वाचक

उत्तर: ताई, जरूर जा. पायपीट फारशी नाहीच. कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्कमधल्या कॅनॉल एक्सप्लोरेशन सेंटरपाशी गाडी लावा. ३८ क्रमांकाचं लॉक त्याच्या समोरच आहे. पार्कला प्रवेशशुल्क नाही. पुढे चालावंसं वाटलंच, तर बारीक खडीची सपाट वाट आहे. एके काळी खेचरं याच वाटेनं दोरानं बोटी ओढत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स गारफील्ड १८४८ मध्ये, ऐन पोरवयात, याच कालव्यावर जनावरं हाकायचं काम करत होते.

आता तुमचा खड्डा. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. ॲक्रन शहराहून क्लीव्हलंडला उतरताना कालवा सुमारे ३९५ फूट खाली येतो, म्हणून त्या टप्प्यात ४४ लॉक बांधावी लागली. १८२७ मध्ये तिथून बोटी सुरू झाल्या. प्रत्येक लॉक ९० फूट लांब, १५ फूट रुंद.

खालच्या दरवाजांजवळ उभ्या राहा आणि दोन फळ्या कुठे भेटतात ते नीट बघा. त्या सरळ रेषेत मिटत नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक करून भेटतात. त्यामुळे पाणी जितकं रेटतं तितका दरवाजा घट्ट बसतो. मग उघडायचा कसा? फळ्यांच्या तळाशी झडपा आहेत. त्या उघडल्या की पाणी निघून जातं, दोन्हीकडची पातळी सारखी होते, आणि लांब तुळईला पाठ लावून माणूस एवढा अवजड दरवाजा ढकलू शकतो. ना इंजिन, ना वीज! मला तर आजही तिथून पाय काढवत नाही.

म्हणूनच दिवस निवडून जा. उन्हाळ्यात काही शनिवार-रविवारी जुन्या वेशातले स्वयंसेवक हे लॉक चालवून दाखवतात. लेकीला आधी तारीख विचारून ठेवायला सांगा. १९१३ च्या महापुरात कालवा मोडला. ॲक्रनमध्ये तर तुंबलेलं पाणी सोडायला लॉक सुरुंगानं उडवावी लागली. त्यामुळे चालतं लॉक बघायला मिळणं फार दुर्मीळ. नातवंडं बरोबर असतील तर काठावर त्यांचा हात धरून ठेवा, भिंती खोल आहेत.