कॅमेरा परवडेल, रोलचं काय?

प्रश्न: सर, मी पुण्यात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. लग्नसराईत एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम करून २२ हजार साठवलेत. महिन्याला तीनेक हजार उरतात. फिल्म कॅमेरा घ्यायचाय. एका दुकानात निकॉन एफएम२ आणि २८, ५०, १३५ एमएमच्या तीन लेन्स मिळून ४६ हजारांना आहेत. कमी पडणारे २४ हजार एक लोन ॲप देतंय, २,३५० चे १२ हप्ते. दुसरीकडे पेन्टॅक्स के१००० आणि ५० एमएमची लेन्स १४ हजारांत मिळतेय. रोल ९५० ला पडतो, धुऊन स्कॅन करायला ४५०. सगळे म्हणतात, एकदाच काय ते चांगलं घे. काय करू?

उत्तर: के१००० घे. एफएम२ वाईट आहे म्हणून नव्हे, तो उत्तमच आहे. पण तो घेतलास तर वर्षभर त्यात घालायला रोल नसेल.

आधी ॲपचा हिशोब. हप्त्यांची बेरीज २८,२००, म्हणजे व्याज ४,२००. ॲपवाले याला साडेसतरा टक्के म्हणतात. पण हे व्याज पूर्ण २४ हजारांवर वर्षभर लावलंय आणि तू तर दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार. शिवाय तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ६०० रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापलेली दिसते, हातात पडणार २३,४००. हे सगळं धरलं की खरा दर वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा आकडा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या सारांशात, एपीआर (फी धरून वर्षाचा दर) म्हणून द्यावाच लागतो. ते पान उघडून बघ, जाहिरातीत तो सापडणार नाही.

आता रोल. धुऊन, स्कॅन होऊन एक रोल १,४०० ला पडतो. ३६ फोटो धरले तर एका क्लिकला ३९ रुपये. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! हप्ता गेल्यावर तुझ्याकडे महिन्याला ६५० उरतात. वर्षाचे ७,८००, त्यात जेमतेम पाच रोल. पाच रोलसाठी तीन लेन्स? कर्ज नसेल तर महिन्याला दोन, वर्षाला २४ रोल. हात बसतो तो रोल संपवून, लेन्स बदलून नाही.

के१००० १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, तोही मुख्यतः शिकणाऱ्यांसाठी. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला लागते. मीटरला बंद करायचं बटणच नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी लावायची, नाहीतर सेल उतरतो. एफएम२चं १/४००० सेकंदाचं शटर ऐकायला भारी वाटतं. पण २०० किंवा ४०० आयएसओचा (रोल प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा) रोल घालून तुळशीबागेत फिरताना के१०००चं १/१००० पुरून उरतं.

निकॉनच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. त्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, १९५९ पासून चालत आलाय, त्यामुळे बहुतेक जुन्या लेन्स पुढे निकॉनच्या डिजिटल एसएलआरवर बसवता येतात. मात्र स्वस्तातल्या बॉडीवर त्यांना मीटर चालत नाही. त्या भरवशावर आज कर्ज काढू नकोस. आणि कुणी कॅनन एई-१ सुचवला, तर तो बॅटरीशिवाय क्लिकच होत नाही, एवढं ध्यानात ठेव.

उरलेल्या आठ हजारांतले दोन सर्व्हिसिंगला बाजूला काढ. जुन्या कॅमेऱ्यात मागच्या झाकणाचा फोम चिकट होऊन प्रकाश आत शिरतो, तो बदलावा लागतोच. सहा हजारांना हात लावायचा नाही. ते आजारपणासाठी आणि हॉस्टेलच्या अचानक निघणाऱ्या खर्चासाठी.

दुकानात घाई करू नकोस. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत दे. मागचं झाकण उघडून एक सेकंदावर शटर मार, ते अडखळता कामा नये. एक रोल काढून धुऊन येईपर्यंत परत घेण्याची बोली बिलावर लिहून घे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. मुंबईला जाणं झालं तर फोर्टातल्या बोरा बाजारात भाव विचारून ये, घासाघीस करायला आकडा हाती असलेला बरा. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत ठेवू नकोस. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे.

रोलचा खर्च कमी करायचा असेल तर ब्लॅक अँड व्हाइटकडे वळ. १०० फुटी रीळ घेऊन आपणच कापून डब्यांत भरलं तर ३६ फोटोंचे साधारण १८ रोल भरतात. हॉस्टेलवरच्या दोघीतिघींनी मिळून घेतलं तर वर्गणीही जड जाणार नाही. कॉलेजात डार्करूम असेल तर धुणं तिथेच शिकून घे.

जपून वापरलास तर दोन वर्षांनी के१००० बहुधा घेतल्या भावाच्या आसपास विकला जाईल. तेव्हा एफएम२ हवासा वाटला तर वरचे पैसे जमवून घे. आणि ॲपचं कर्ज आधीच उचललं असशील, तर करारात ‘कूलिंग ऑफ’ची मुदत किती दिली आहे ते आजच बघ. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.