अनुष्ठान चालू असताना कोर्टाची तारीख आली तर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि काल रात्री झोपच लागली नाही. सासरच्या जागेचा दावा, गुरुजींनी सांगितलेलं बगलामुखी देवीचं 21 दिवसांचं अनुष्ठान, तोवर उंबरा ओलांडायचा नाही, आणि नेमकी अकराव्या दिवशी तारीख. "मी गेले तर जपाचं फळ जाईल का?" असं तुम्ही विचारलंय. 2015 मध्ये मी अगदी इथेच उभी होते. मी घरी बसले. तुम्ही बसू नका.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि शास्त्रीही नाही. जे भोगलं तेवढंच लिहिते.

मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली होती. ह्यांनी हयातीतच घरातला हिस्सा आपल्याला सोडून दिला, असं दीर सांगायला लागले आणि कोर्टात जायची भाषा सुरू झाली. मी हबकून गेले. कुणीतरी गुरुजींचं नाव सुचवलं. 36 अक्षरांचा मंत्र, 36 हजार जप, म्हणजे रोज 16 माळा. पिवळं लुगडं, हळकुंडांची माळ, पिवळं आसन, जपात मौन. पहाटे बसले की उठायला साडेनऊ-दहा व्हायचे. बोटं हळदीने इतकी रंगली होती की भाकरीलाही तो रंग लागायचा.

आठव्या की नवव्या दिवशी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिने दारातूनच सांगितलं, "आई पूजेतून उठणार नाही." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिचं उत्तर तेच. मला आतून सगळं ऐकू येत होतं. हातात माळ होती, मी उठले नाही.

ते कोर्टाचं समन्स होतं. पुढे फाईलमध्ये ते पाकीट मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या नावाच्या वर निळ्या पेनाने तिरकं लिहिलेलं होतं, "घेण्यास नकार". समन्स नाकारलं की ते बजावलं गेलं असंच कोर्ट धरतं. दाव्याचा निकाल एकतर्फी लागला आणि मला त्याचा पत्ता लागला सात महिन्यांनी, तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तेव्हा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स नीट बजावलेलं नसेल तर ते दिवस आपल्याला कळल्यापासून मोजतात. माझ्या बाबतीत "नकार" हा शेरा होता, त्यामुळे मुदत कधीच उलटून गेलेली. मग विलंब माफीचा अर्ज आला, आणि एवढं दार पुन्हा उघडायलाच चार वर्षं गेली.

नकार मी दिलाच नव्हता, एका लहान मुलीने निरोप दिला होता, हे दाखवायला त्या दिवसाची नोंद हवी होती. ती नोंद जिथे असते त्या कचेरीचं नाव घेत नाही. अकरा खेपा घातल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर, "साहेब रजेवर आहेत", "लेखी द्या", लेखी दिलं तर "पोच मिळणार नाही". शेवटी कळलं की जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय. पहिल्या खेपेला ते होतं की नव्हतं, हे आजही मला कुणी सांगितलेलं नाही. अजून आठवलं की छातीत कळ येते. म्हणून सांगते, तोंडी विनवण्या करत बसू नका. पहिल्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं.

देवीला मी दोष देत नाही, कधी दिला नाही. दोष "उठायचं नाही" हे शब्दशः धरण्याचा. क्षमापनेत आपण म्हणतोच ना, "यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्, तत्सर्वं क्षम्यताम्". चुकल्यामाकल्याची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. राहिलेल्या माळा संध्याकाळी पुऱ्या करता येतात. गेलेली तारीख परत आणता येत नाही.

आता माझं मत, पटलं तर घ्या. बगलामुखी ही दहा महाविद्यांपैकी, म्हणजे तंत्रमार्गातल्या दहा देवींपैकी एक, तिचा मंत्र परंपरेने दीक्षा घेऊन करायचा. मूर्तीत देवीने असुराची जीभ ओढून धरलेली असते आणि दुसऱ्या हातात गदा उगारलेली. मंत्रातही "जिह्वां कीलय, बुद्धिं विनाशय" असंच मागणं आहे. ज्या दिराला लग्नानंतर दहा वर्षं मी हाताने वाढलं, त्याच्यासाठी हे शब्द रोज सोळा माळा म्हणताना माझा जीव आत कुठेतरी आक्रसायचा. मला न्याय हवा होता, त्याची बुद्धी जायला नको होती. नलखेड्याला, दतियाला बगलामुखीच्या देवळात जाणाऱ्यांची श्रद्धा मोठी आहे, त्यांना नावं ठेवत नाही. माझ्यापुरतं मी नंतर संकटनाशन गणेशस्तोत्र धरलं. "प्रणम्य शिरसा देवं" म्हणायला तीन मिनिटं लागतात, दीक्षा लागत नाही, आणि "षड्भिर्मासैः फलं लभेत्" असं त्यातच म्हटलंय, म्हणजे सहा महिने धीर धरायची तयारी आधीच होते. पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी ते म्हणायची. हात थरथरायचे थांबायचे. उलटतपासणीच्या दिवशी मला एवढंच हवं होतं.

आमचं शेवटी लोकअदालतीत मिटलं. पुढची खोली आणि विहिरीचं पाणी माझ्याकडे आलं. सगळं मिळालं नाही.

वकिलांची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नसते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी वकिलांना एकटं पाठवू नका, स्वतः जा. पिवळी साडी नेसूनच गेलात तरी चालेल. आणि आज झोपायच्या आधी वकिलांकडून दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याला कोर्ट देतं तो अक्षरं-आकडे मिळून 16 खुणांचा ओळख क्रमांक) घेऊन कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर टाका, तारीख तीच आहे ना ते बघा आणि मला इथे कळवा. मी वाट बघतेय.