वीरगळीतला 'गळ' गळ्याचा नाही

एका वाचकाने विचारलंय: "किल्ल्यावर वाटाड्याने सांगितलं, वीराचा गळा कापला गेला म्हणून 'वीरगळ'. खरं का? आणि तो वीरगळ की ती?"

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेली कोरीव शिळा. गळ्याचा इथे काही संबंध नाही, मासे धरायच्या गळाचाही नाही. कानडीत कल्लु म्हणजे दगड. समासात मागच्या शब्दाला चिकटताना कानडीत क चा ग होतो (मळे म्हणजे पाऊस, काल म्हणजे काळ, पण पावसाळा मळेगाल), तसा वीर आणि कल्लु मिळून झाला वीरगल्लु. आपण शेवटचा उ टाकला, ल चा ळ केला. वरंगळ आठवा: मूळ नाव ओरुगल्लु, एकच शिळा. संस्कृतात त्याच गावाला एकशिलानगरी म्हणतात. दानलेख मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारी ती गधेगळ, तिच्यातही हाच दगड. म्हणून 'वीरगळ दगड' म्हणणं म्हणजे पिवळा पीतांबर.

वाटाड्याला मात्र अगदी खोट्यात काढू नका. काही स्मृतिशिळांवर स्वतःचं मस्तक देवाला वाहणारा भक्त कोरलेला असतो. तसली एखादी पाहून कुणीतरी ही गोष्ट जुळवली असेल.

लिंगाचं म्हणाल तर दोन्ही चालतं. माझ्या तोंडी 'ती', अनेकवचन वीरगळी.

वीरगळ वाचायची ती खालून वर. तळाशी आडवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई. म्हणजे गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना गेला. त्यावर लढाई. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळींवर तर चक्क समुद्रातली लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. एकाच माणसाचं प्रेत तळाशी आणि पूजा माथ्याशी, मध्ये जेमतेम दोन-तीन वीत दगड. माथ्यावरचे चंद्रसूर्य म्हणजे आपलं 'यावच्चंद्रदिवाकरौ': ते आहेत तोवर याचं नाव राहील. नाव मात्र बहुतेक शिळांवर कोरलेलंच नसतं! आता तर गावोगावी त्यांना शेंदूर फासलेला असतो, आणि पुजणाऱ्यालाही हा कोण ते ठाऊक नसतं.

शेजारी कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला हात दिसला तर ती सतीशिळा, नवऱ्यामागे सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. त्या हातातल्या बांगड्या नीट बघा. नवरा गेला की त्या उतरायच्या. बांगडी 'फुटली' असं तर आपण एरवीही म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. या हातातल्या वाढलेल्या नाहीत. ती विधवा झालीच नाही, सवाष्णच गेली, एवढं सांगायला शिल्पकाराला बाकीची बाई कोरायची गरज वाटली नाही. कोपराच्या खाली नुसता खांब असतो.