पुस्तकातलं काश्मीर आणि मोबाइलवरचं काश्मीर

प्रश्न : बाई, माझा नातू आठवीत आहे. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात काश्मीर सगळं आपल्या सीमेच्या आत आहे. परवा त्याने मोबाइलवर एक परदेशी नकाशा काढला, तर त्यात काश्मीरच्या पोटात तीन-चार तुटक रेघा. तेव्हापासून मागे लागलाय, "आजी, खोटं कोण बोलतंय?" मुलगा म्हणतो, परदेशी लोक मुद्दाम करतात. सून म्हणते, कशाला त्याच्या डोक्यात भरवता. मी काय सांगू? आणि दोन्ही देशांकडे अणुबाँब असताना एका रेघेचं भांडण इतकी वर्षं का मिटत नाही? – एक आजी, दौलतगंज, लश्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, आधी नातवाच्या पाठीवर थाप द्या. मी एकतीस वर्षं इथेच लश्करात भूगोल शिकवला. हा प्रश्न विचारणारं मूल दोन-तीन वर्षांतून एखादं भेटायचं, आणि त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवायची.

पुस्तकातला नकाशा आपला हक्क कुठवर आहे ते सांगतो. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी महाराजा हरिसिंहांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली ती अख्ख्या संस्थानासाठी. म्हणून गिलगिट, मुझफ्फराबाद, अक्साई चीन हे सगळं आपल्या नकाशात येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी वाचनालयात परदेशी मासिकं यायची, त्यांतल्या नकाशावर शिक्का मारलेला असायचा की यातल्या भारताच्या सीमा बरोबर नाहीत. जांभळ्या शाईचा तो शिक्का कधीकधी अर्ध्या हिमालयावर पसरलेला असे. मोबाइलवरच्या तुटक रेघा मात्र आज कोणाचं सैन्य कुठे उभं आहे तेवढंच दाखवतात. नातवाला दोन्ही नकाशे वाचता आले पाहिजेत.

आता त्या रेघा. प्रत्येकीचं नाव वेगळं आहे आणि बातम्या देणारेसुद्धा त्यांची सरमिसळ करतात, याचा मला फार त्रास होतो. जम्मूच्या सपाटीवर आहे तिला आपण आंतरराष्ट्रीय सीमा म्हणतो. पाकिस्तान तसं मानत नाही. तिच्या पुढे डोंगरातून जाते ती नियंत्रण रेषा, सुमारे ७४० किलोमीटर. पूर्वेला चीनच्या बाजूची ती प्रत्यक्ष ताबा रेषा. आणि चौथ्या ठिकाणी दोघांनी मिळून ठरवलेली रेषाच नाही. मुलांना मी नेहमी तिथे थांबवत असे.

१ जानेवारी १९४९ ला भारत-पाकिस्तानचं पहिलं युद्ध थांबलं. जुलैमध्ये दोन्हीकडचे लष्करी अधिकारी कराचीत बसले आणि युद्धबंदी रेषा ठरवली. गाव, नाला, शिखर असं करत करत ती एन जे ९८४२ नावाच्या एका बिंदूपर्यंत आली. पुढे नुसता बर्फ. तिथे कोण जाणार, म्हणून त्यांनी लिहून टाकलं : 'तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत'. शिमला करारानंतर १९७२ च्या डिसेंबरात रेषा नव्याने आखली, तिचं नाव बदललं, पण ती थांबली त्याच बिंदूवर. उत्तरेकडे म्हणजे नेमकं कसं, हे दुसऱ्यांदाही कोणी लिहिलं नाही. आपण म्हणतो, साल्तोरोच्या डोंगररांगेवरून. पाकिस्तान म्हणतं, बिंदूपासून तिरकं काराकोरम खिंडीकडे. या दोन अर्थांच्या मधे सियाचेनची हिमनदी आहे. बाल्टी भाषेत 'सिया' म्हणजे रानगुलाब.

१३ एप्रिल १९८४ ला आपलं सैन्य साल्तोरोवर चढलं आणि तेव्हापासून तिथेच आहे. २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथे गोळीबार बंद आहे, तरी माणसं जातातच. तिथे गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनी जास्त जीव घेतले. २०१२ च्या एप्रिलमध्ये ग्यारी इथे पाकिस्तानचा तळच्या तळ हिमकड्याखाली गाडला गेला, १४० माणसं गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर आपले दहा जवान दबले, त्यात एक साताऱ्याचा होता. ज्या वाक्यापुढे आणखी दोन ओळी लिहायच्या राहिल्या, त्याची ही किंमत आहे. मला याचं आजही वाईट वाटतं.

माझ्या वर्गातला भिंतीवरचा नकाशा कापडावर चिकटवलेला होता. वर्षानुवर्षं काठीला गुंडाळून गुंडाळून त्याची वरची कड विरली होती आणि नेमका काश्मीरचा माथाच गेला होता. मी तेवढा भाग फळ्यावर खडूने काढायची, काढताना त्या बिंदूशी हात उचलायची, आणि मुलं विचारायची, "बाई, पुढे?"

आपल्या ग्वाल्हेरला ही रेघ दूरची नाही. महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमानं १९९९ च्या जूनमध्ये कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर गेली, तेव्हा नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सरकारचा हुकूम होता. जमिनीवर न दिसणारी रेघ वैमानिकांनी त्या उंचीवरून पाळली. २६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातल्या बालाकोटवर गेलेली मिराज इथलीच, आणि त्या पहाटे ती रेघ ओलांडली गेली. आमच्या गच्चीवरून विमानं रोजच ऐकू येतात. त्या रात्री काही वेगळं वाटलं नव्हतं.

अणुबाँबचं थोडक्यात सांगते. १९९८ च्या मे महिन्यात आधी आपण पोखरणला आणि मग त्यांनी चागईला चाचण्या केल्या. बाँबमुळे भांडण मिटलं नाही. कारगिल झालं ते पुढच्याच वर्षी. पण एक गोष्ट नातवाला जरूर सांगा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. त्याप्रमाणे १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली, बालाकोटनंतरच्याही दिली. इथे वाक्य अर्धं सोडलेलं नाही. काय द्यायचं, कोणत्या तारखेला, सगळं लिहिलेलं आहे, म्हणून ते चालतं असं माझं मत आहे.

सूनबाईंना सांगा, डोक्यात भरवायचं काही नाही, हातात पेन्सिल द्यायची आहे. नकाशावर पतंगाचा कागद ठेवा. बाहेरची सीमा शाईने गिरवू द्या, आतल्या रेघा तीन रंगांच्या पेन्सिलींनी, आणि प्रत्येकीवर तिचं नाव आणि साल. एन जे ९८४२ पाशी आल्यावर पेन्सिल उचलायला लावा. तो "पुढे?" म्हणाला, की त्याला साल्तोरोची रांग आणि काराकोरम खिंड दोन्ही शोधायला सांगा. शाळेच्या साध्या नकाशात सापडणार नाहीत, मोठी नकाशावही लागेल. ती मिळाली नाही तर कुठल्याही रविवारी सकाळी त्याला माझ्याकडे पाठवा.